आराखडा कपाटात आणि कपाट बंद इमारतीत

प्रश्न : आमची संस्था लहान आहे. एकट्या राहणाऱ्या ६२ वृद्धांच्या घरी जाऊन औषधे देणे, आंघोळ घालणे, जखमेची पट्टी बदलणे ही शुश्रूषा आमचे ९ कर्मचारी करतात. त्याखेरीज सुमारे ३० स्वयंसेवकांच्या बळावर एक वाचनालय आणि एक त्रैमासिक चालते. दोन महिन्यांपूर्वी एका शनिवारी रात्री आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरील वीजमीटरांच्या खोलीला आग लागली. आमच्या कार्यालयापर्यंत ती पोहोचली नाही, पण तपासणी पूर्ण होईपर्यंत संपूर्ण इमारत ११ दिवस बंद राहिली. आपत्ती व्यवस्थापनाचा ८४ पानांचा आराखडा आमच्याकडे होता. तीन वर्षांपूर्वी एका अनुदानाच्या अर्जासाठी मीच तो तयार केला होता. तो माझ्या कपाटात होता आणि कपाट त्या इमारतीत. अध्यक्ष प्रवासात होते, त्यांचा फोन लागत नव्हता. सोमवारी सकाळी कर्मचारी रस्त्यावर उभे राहिले आणि कोणी कोणाकडे जायचे ते आठवणीवर ठरले. दोन वृद्धांची नावे कोणालाच आठवली नाहीत. त्यांच्याकडे बुधवारपर्यंत कोणीही गेले नाही. सुदैवाने दोघेही सुखरूप आहेत. आता नवा आराखडा करायचा आहे. तो आयएसओ २२३०१ या मानकानुसारच व्हावा, असा कार्यकारिणीतील एका सदस्यांचा आग्रह आहे. सुरुवात कोठून करावी? यासाठी पैसा किती बाजूला ठेवावा? परिसरावर मोठे संकट आले तर आम्हीही मदतकार्यात उतरावे का? आणि जुन्या आराखड्याचे काय करावे?
– एका संस्थेच्या सचिव

उत्तर :

सचिव महोदया,

आपला नवा आराखडा त्या दोन न आठवलेल्या नावांपासून सुरू व्हावा, असे मला वाटते. जुना आराखडा मी पाहिलेला नाही, परंतु अनुदानाच्या अर्जांसोबत जोडलेले असे बरेच आराखडे वाचले असल्यामुळे त्याची प्रकरणे मी अंदाजाने सांगू शकते : भूकंप, पूर, वादळ, आग, साथीचे रोग, आणि प्रत्येक प्रकरणात त्या त्या संकटाची व्याख्या, कारणे व घ्यावयाची खबरदारी. अशा मांडणीत लिहिणाऱ्याचे बरेच श्रम खर्च होतात आणि वाचणाऱ्याच्या हाती मात्र फारसे काही लागत नाही. आपल्याकडे आगच लागली, म्हणजे आगीचे प्रकरण उपयोगी पडायला हवे होते. पण त्यात बहुधा अग्निशामक नळकांडी आणि बाहेर पडण्याचे मार्ग असतील, आणि आपल्याला अडचण आली ती जागा बंद झाल्याची. संकटांची कारणे अगणित असतात, पण संस्थेवर होणारे त्यांचे परिणाम मोजकेच असतात. जागा वापरता येत नाही, माणसे कामावर पोहोचू शकत नाहीत, माहिती हाताशी राहत नाही किंवा पैसा हलत नाही. पुष्कळदा यांतील दोन-तीन गोष्टी एकदम घडतात. २०२० मध्ये करोनाच्या साथीने जगभरातील कार्यालये बंद पडली तेव्हा ‘आपली जागा उद्यापासून वापरता आली नाही तर काय करू’ या प्रश्नाचा आधी कधी तरी विचार केलेल्या संस्थांपाशी निदान अर्धे उत्तर तयार होते, मग तो विचार त्यांनी पुराच्या भीतीने केलेला असो वा आगीच्या.

याला एक अपवाद करावा. जीव वाचवण्याच्या पहिल्या काही मिनिटांतील कृती मात्र संकटागणिक वेगळ्या असतात. आगीत ताबडतोब बाहेर पडायचे असते, तर भूकंपाचे हादरे चालू असताना बाहेर धावण्याऐवजी मजबूत टेबलाखाली डोके-मान झाकून बसणे अधिक सुरक्षित असते. त्या सूचना एका पानावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावाव्यात. आराखड्याचे काम त्या मिनिटांनंतर सुरू होते.

आता मूळ कामाकडे वळू. संस्था करीत असलेल्या प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न लिहावा : हे काम किती काळ थांबले तर कोणाचे तरी भरून न येणारे नुकसान होईल? त्रैमासिक दोन महिने उशिरा निघाले तर काही चाहते कुरकुर करतील, एवढेच. वाचनालय महिनाभर बंद राहू शकते. पगार, कर भरण्याच्या मुदती आणि देणगीदारांना द्यावयाचे अहवाल यांना तारखा असतात, त्या लिहून ठेवाव्यात. शुश्रूषेचा प्रश्न मात्र तासांचा आहे, आणि तेथेही ‘६२ वृद्ध’ असा एकच गठ्ठा बांधून चालणार नाही. ज्यांना इन्सुलिन टोचावे लागते, ज्यांना लघवीची नळी बसवलेली आहे, जे अंथरुणाला खिळलेले असल्यामुळे त्यांची कूस कोणी तरी बदलावी लागते, ज्यांचा प्राणवायू विजेवर चालणाऱ्या यंत्रातून येतो आणि म्हणून ज्यांच्यासाठी नुसती वीज जाणे हीच आपत्ती असते, त्यांच्याकडे त्याच दिवशी कोणी तरी पोहोचलेच पाहिजे. ज्यांची मुलगी रोज संध्याकाळी डोकावून जाते, त्यांना एखादा फोन पुरेल. स्मृतिभ्रंश झालेल्या काहींच्या बाबतीत आणखी एक गुंता असतो : अनोळखी माणसाला ते दारच उघडत नाहीत, त्यामुळे ‘कोणालाही पाठवू’ हा पर्याय त्यांच्यापुरता बाद होतो आणि दुसऱ्या एका माणसाची ओळख आतापासूनच करून द्यावी लागते. ही प्रतवारी कार्यकारिणीने बैठकीत बसून करू नये. ती रोज त्या घरांत जाणाऱ्या ९ जणांना करू द्यावी; त्यांना ती अर्ध्या दिवसात जमेल आणि आपण कल्पनाही केली नसेल अशा गोष्टी त्यातून बाहेर येतील.

या प्रतवारीतून तयार होणारी यादी हा आराखड्याचा गाभा होय. प्रत्येक नावापुढे पत्ता आणि घर सापडण्याची खूण, फोन, शेजारी किंवा नातेवाईक, चालू औषधे, रोज कोण जाते आणि ती व्यक्ती नसेल तर कोण जाईल, एवढे असावे. यादी कागदावर छापलेली असावी, कारण वीज व इंटरनेट नेमके नको तेव्हा जातात. मी पूर्वी ज्या संस्थेत काम करीत होते तिच्या कार्यालयात एकदा पाणी शिरले. लाभार्थ्यांची यादी संगणकात होती, संगणक वरच्या मजल्यावर हलवलेला होता आणि आम्ही आमच्या शहाणपणावर खूश होतो. संगणकाचा पासवर्ड मात्र फक्त लेखनिकाला ठाऊक होता आणि त्याच्याही घरात पाणी शिरल्यामुळे तो कुटुंबाला घेऊन कोठे गेला हे दीड दिवस कोणालाच माहीत नव्हते. त्याला दोष देण्याचे कारण नाही. तो पासवर्ड दुसऱ्या कोणाला सांग, असे आम्ही त्याला कधी म्हटलेच नव्हते.

अर्थात, आजारपणाचा तपशील असलेली यादी घरोघरी पसरवून ठेवणेही योग्य नाही. ज्यांची माहिती तीत आहे त्यांची संमती घ्यावी, तीन ठरलेल्या व्यक्तींकडेच ती बंद पाकिटात द्यावी, दर महिन्याला नवी प्रत देताना जुनी परत घेऊन फाडावी. हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच ते तिसऱ्या महिन्यात बंद पडते. पगाराच्या दिवसाशी ते जोडून टाकले तर टिकण्याची शक्यता वाढते.

आपल्या सदस्यांच्या आग्रहाविषयी थोडे. आयएसओ २२३०१ हे संकटातही काम चालू ठेवण्याच्या व्यवस्थेविषयीचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. ते प्रथम २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०१९ मध्ये सुधारण्यात आले. ते कोणत्याही आकाराच्या संस्थेला लावता येते हे खरे, पण प्रमाणपत्र मिळवायचे तर दस्तऐवज, अंतर्गत तपासणी आणि बाहेरचे लेखापरीक्षण यांवर जो वेळ व पैसा लागतो तो ९ कर्मचाऱ्यांच्या संस्थेने त्यावर घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या परंपरेतील दोन मापे मात्र जरूर उचलावीत. एखादे काम किती वेळात पुन्हा सुरू झालेच पाहिजे हे पहिले माप, आणि माहिती गमावलीच तर किती दिवसांपर्यंतची गमावलेली चालेल हे दुसरे. वर सुचवलेली प्रतवारी म्हणजे पहिल्या मापाचेच घरगुती रूप आहे, हे त्या सदस्यांना सांगितल्यास त्यांचेही समाधान व्हावे.

आपल्या पत्रातील दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे अध्यक्षांचा न लागलेला फोन. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीमध्ये झालेल्या भूकंपात पोर्ट-ओ-प्रिन्स येथील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे मुख्यालयच कोसळले. मोहिमेचे प्रमुख हेदी अन्नाबी आणि त्यांचे उपप्रमुख दोघेही त्यात मृत्युमुखी पडले, आणि त्या भूकंपात संयुक्त राष्ट्रांनी एकूण १०२ माणसे गमावली. मदतीसाठी ज्यांच्याकडे पाहायचे तीच यंत्रणा पहिल्या मिनिटात ढिगाऱ्याखाली गेली होती. आपले अध्यक्ष तर केवळ प्रवासात होते. तेव्हा कार्यकारिणीने ठराव करून उतरंड ठरवावी : अध्यक्ष दोन तासांत मिळाले नाहीत तर निर्णय सचिवांचा, सचिव मिळाल्या नाहीत तर शुश्रूषा विभागाच्या पर्यवेक्षकांचा. निर्णय कशाकशाचा, हेही त्याच ठरावात लिहावे : कार्यालय बंद ठेवणे, कामे नव्याने वाटणे, ठरलेल्या रकमेपर्यंत विनामंजुरी खर्च करणे आणि संस्थेच्या वतीने बाहेर बोलणे. रकमेची मर्यादा लिहिली नाही तर पर्यवेक्षक एक रिक्षासुद्धा करायला कचरतील आणि नंतर आपणच त्यांना ‘विचारायचे तरी होते’ म्हणू. बँकेच्या सह्यांचेही असेच आहे. दोघांच्या सह्या लागत असतील आणि अधिकार दोघांनाच असेल, तर त्यांतील एक जण आजारी पडताच पगार अडकतात. अधिकार तिघा-चौघांना देऊन त्यांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या पुरतील अशी व्यवस्था करावी. बँकेचे सांकेतिक क्रमांक कोणाच्या फोनवर येतात तेही पाहून ठेवावे. बऱ्याच संस्थांत तो फोन अजूनही कोणा निवृत्त खजिनदारांचा असतो.

माहितीच्या साठवणुकीबद्दल ३-२-१ असा एक जुना नियम आहे : माहितीच्या तीन प्रती, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक निराळ्या जागी. यातील शेवटच्या भागाकडेच बहुतेकांचे दुर्लक्ष होते. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे एका मोठ्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्यांनी मूळ माहिती आणि तिची प्रत दोन्ही त्याच आवारात ठेवली होती, त्यांतील कित्येकांना दोन्ही गमवाव्या लागल्या. ‘आमचे सगळे क्लाऊडवर आहे’ एवढे म्हणून थांबू नये. क्लाऊड म्हणजेही कोठल्या तरी इमारतीत ठेवलेले संगणकच असतात. आणखी एक गैरसमज येथेच दूर करते. आगीपासून संरक्षण देणारी तिजोरी बहुधा कागदांसाठी बनवलेली असते, म्हणजे आतील तापमान सुमारे १७७ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये अशी तिची रचना असते. कागद त्यात तगतो. फ्लॉपी डिस्कसारख्या साठवणुकीच्या साधनांसाठी मात्र हीच मर्यादा सुमारे ५२ अंश धरली जाते. तेव्हा हार्ड डिस्क त्या तिजोरीत ठेवून निर्धास्त झोपणे बरे नव्हे. वर्षातून दोनदा तरी प्रतीवरून माहिती परत मिळवून पाहावी. प्रत घेतली जात असल्याची हिरवी खूण महिनोन् महिने दिसत असावी आणि प्रत्यक्षात फाइल उघडत नसावी, असे घडते.

मूळ कागद, म्हणजे नोंदणीचे प्रमाणपत्र, घटना, ठरावांची पुस्तके, जागेचे करारपत्र आणि विम्याची पॉलिसी, यांच्या प्रती बाहेर ठेवाव्यात. कागद भिजलेच तर एक-दोन दिवसांतच बुरशी धरू लागते, त्यामुळे वाळवायला तेवढा वेळ नसेल तर महत्त्वाचे कागद पिशव्यांत घालून गोठवून ठेवतात. त्याने नुकसान भरून येत नाही, पण विचार करायला सवड मिळते.

पैशाचा प्रश्न आपण विचारला आहे. तीन ते सहा महिन्यांच्या नियमित खर्चाएवढी गंगाजळी असावी, असा सर्वसाधारण दंडक सांगितला जातो. आपल्यासारख्या संस्थेला तो आकडा ऐकूनच धाप लागेल, याची मला कल्पना आहे. म्हणून पहिले उद्दिष्ट लहान ठेवावे : ज्यांच्याकडे त्याच दिवशी पोहोचायचे आहे त्यांची शुश्रूषा आणि ९ जणांचे पगार एक महिना चालतील एवढी रक्कम, ठरावाने राखीव ठेवलेली, जिला हात लावायला पुन्हा ठरावच लागेल. विशिष्ट प्रकल्पासाठी मिळालेले अनुदान या कामी वळवता येत नाही, हे खजिनदारांना माहीत असते. संकटात इतरांना ते आठवत नाही. मोठ्या देणगीदारांशी मात्र आताच बोलून ठेवावे की अशी वेळ आली तर त्यांच्या निधीतील काही भाग तातडीच्या खर्चासाठी वापरण्याची परवानगी ते देतील का, आणि दिली तर ती लेखी घ्यावी. विम्याच्या बाबतीत पॉलिसी काढून बसावे आणि तिच्यात काय नाही ते शोधावे. उसनी वा देणगी म्हणून मिळालेली उपकरणे, कामावर असताना जखमी झालेले स्वयंसेवक, आणि जागा शाबूत असूनही ती वापरता न आल्यामुळे दुसरीकडे काम हलवण्याचा खर्च या तीन ठिकाणी सहसा भोके सापडतात. त्यांतील तिसरे तर आपल्यावर नुकतेच गुदरले आहे.

माणसांविषयी एक गोष्ट कोणत्याही नमुना-आराखड्यात मला आढळत नाही, म्हणून ती आवर्जून लिहिते. मोठ्या संकटात आपले कर्मचारीही संकटग्रस्तच असतात. आधी स्वतःच्या घरच्यांची व्यवस्था लावा, मग कळवा, असे संस्थेने आराखड्यातच लिहून द्यावे, आणि ९ पैकी ४ जणच येऊ शकतील असे धरूनच कामाची वाटणी करून पाहावी. ४ जणांत काम भागत नसेल तर ३० स्वयंसेवकांपैकी कोणाला शुश्रूषेचे प्राथमिक शिक्षण देऊन ठेवायचे, आणि जवळपासच्या दुसऱ्या कोणत्या संस्थेशी परस्पर साहाय्याचा करार करायचा, हे त्या वाटणीतूनच समजेल.

मदतकार्यात उतरावे का? माझा सल्ला नकाराकडे झुकणारा आहे. आपल्या ६२ जणांकडे एकही खाडा न होता पोहोचत राहणे, हेच त्या दिवसांतील आपले मदतकार्य आहे, कारण ते दुसरे कोणीही करणार नाही. जुने कपडे आणि न मागितलेल्या वस्तू यांचे ढीग लावून नंतर ते निवडत बसण्यात मदत करणाऱ्यांचीच शक्ती संपते, हा जगभरचा अनुभव आहे. परंतु आपल्याकडे अशी एक माहिती असते जी मोठ्या यंत्रणांकडे नसते : कोणत्या घरात एकटे म्हातारे माणूस आहे आणि त्याला उचलून आणावे लागेल. स्थानिक प्रशासनाच्या आपत्ती व्यवस्थापन विभागाशी त्यासाठी आधीच ओळख करून ठेवावी. आणि कार्यकारिणीने उतरायचेच ठरवले, तर देणगीच्या आवाहनाची भाषा आजच ठरवावी. २००१ मध्ये ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर अमेरिकन रेडक्रॉसने जमवलेल्या निधीचा काही भाग पुढील गरजांसाठी राखून ठेवण्याचे ठरवले तेव्हा देणगीदारांत मोठा क्षोभ झाला आणि नोव्हेंबरमध्ये संस्थेला तो निर्णय फिरवावा लागला. पैसा कशासाठी मागितला आणि उरला तर त्याचे काय करणार, ही दोन वाक्ये आवाहनातच असली पाहिजेत.

हे सर्व लिहून काढल्यावर ते १० पानांपेक्षा मोठे होऊ देऊ नये, आणि मग त्याची रंगीत तालीम घ्यावी. पहिली तालीम बैठकीतच होऊ शकते. एकाने परिस्थिती सांगायची, ‘रविवारची सकाळ, इमारत बंद, सचिवांचा फोन लागत नाही’, आणि आपण, सचिव महोदया, त्या तासाभरात तोंड उघडायचे नाही. संस्थेचे किती काम आपल्या एकटीच्या डोक्यात आहे ते त्या तासात सर्वांना कळेल, आणि बहुधा आपल्यालाही. दुसरी तालीम न सांगता घ्यावी : एखाद्या सुट्टीच्या संध्याकाळी फोनसाखळी सुरू करून शेवटच्या माणसापर्यंत निरोप किती वेळात पोहोचला ते मोजावे. पहिल्या खेपेला साखळी तिसऱ्या-चौथ्या कडीवर तुटते. कोणाचा तरी क्रमांक बदललेला असतो.

राहिला जुना ८४ पानांचा आराखडा. तो टाकू नये. पुढच्या अनुदानाच्या अर्जाला तो पुन्हा मागितला जाईलच. त्यातील दूरध्वनी क्रमांक आणि इमारतीचा नकाशा तपासून नव्या १० पानांना जोडावा, बाकीचा पुन्हा कपाटात ठेवावा, आणि त्या कपाटाची दुसरी किल्ली याच आठवड्यात पर्यवेक्षकांच्या हाती द्यावी.